आधी सॉफ्टवेअर की आधी काम?

एक सूचना अशी आहे की युवा केंद्रात स्टिकर डिझाइन करून विकायला शिकवणाऱ्या इंटर्नशिपमध्ये आधी सहा आठवडे फक्त सॉफ्टवेअर शिकवावं, विक्रीचं शेवटी बघावं. मला हा क्रम उलटा वाटतो. पहिल्याच आठवड्यात मुलांना छोटं पण खरं काम द्या, उदाहरणार्थ केंद्राच्याच कार्यक्रमाचं स्टिकर. टूल्स त्या ओघात शिकून होतात.

घोळ होतो तो फाइलमध्ये. फोनवरून घेतलेला लोगो मुलं थेट व्हिनाइल कटरला (स्टिकरचं चिकट प्लास्टिक पातं फिरवून कापणारं यंत्र) पाठवतात. कटरला पिक्सेल, म्हणजे फोटोतले रंगीत ठिपके, कळत नाहीत; त्याला व्हेक्टर पाथ, म्हणजे पातं जिच्यावरून फिरेल अशी रेषा लागते. इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केल्यावर (चित्रावरून अशा रेषा बनवून घेतल्यावर) 'सिम्प्लिफाय' करून नोड्स, म्हणजे रेषेवरचे बिंदू, कमी करा, नाहीतर कडा दातेरी निघतात. अक्षरं पाथमध्ये बदला आणि एकमेकांवर आलेले आकार युनियन करून, म्हणजे जोडून एकच आकार करून घ्या. ते राहिलं तर आतल्या रेषाही कापल्या जातात. मग कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघा: व्हिनाइल सुटं व्हायला हवं, खालचा कागद मात्र कापला जाता कामा नये.

किंमत ठरवताना मुलं फक्त साहित्याचा खर्च धरतात. वाया गेलेले नग आणि वेळही धरायला लावा. नको असलेलं व्हिनाइल सोलायला एका स्टिकरला १० मिनिटं लागत असतील, तर तासाला सहाच नग होतात. हा हिशेब त्यांनी स्वतः घड्याळ लावून काढला पाहिजे, सांगून पटत नाही.

डिझाइनमध्ये दुरुस्तीच्या किती फेऱ्या हे ग्राहकाकडून आधीच लिहून घ्या. आणि कार्टूनमधली पात्रं विक्रीच्या मालावर परवानगीशिवाय नकोत.