पिल्लू रात्रभर रडतं, काय करू?

चोपड्याहून विचारतेय. दोन महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. दिवसा हुंदडतं, रात्री ओसरीत एकटं ठेवलं की केकाटतं.

– ताई, ओसरीत नको, खाटेजवळ खोक्यात निजवा. आईची ऊब तुटलीय हो त्याची! भुसावळच्या थंडीत मी जुनी गोधडी आणि फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवायचो. नाक खुपसून निवांत झोपायचं. या वयात लघवी दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही. मध्यरात्री अंगणात न्या, न खेळवता परत निजवा. रागावू मात्र नका.

– गाईचं दूध टाळा. बऱ्याच पिल्लांना हगवण लागते, मग झोप कुठली!

– केळीचं खोकं चालेल का?

– चालेल. पिना असतील तर उपटून टाका, पिल्लं चावतात.