मदत हवी आहे: सपाट जमिनीवरही सिझर लिफ्टचा टिल्ट अलार्म वाजतोय

मंडळी, इलेक्ट्रिक सिझर लिफ्टचा (कात्रीसारख्या दांड्यांवर माणसांना वर नेणारा प्लॅटफॉर्म) टिल्ट सेन्सर, म्हणजे मशीन किती कललंय ते मोजणारा सेन्सर, बदलल्यापासून प्लॅटफॉर्म दोनेक मीटर वर गेला की बझर वाजतो आणि लिफ्ट तिथेच अडते. खाली मात्र नीट येते.

नव्या सेन्सरचा झिरो सेट करताना (सपाट स्थिती म्हणजे शून्य अंश असं ठरवताना) प्लॅटफॉर्म पूर्ण खाली आणि रिकामा होता. चेसिसवर डिजिटल लेव्हल ठेवून दोन्ही दिशांना ०.१ अंशाच्या आत आणलं होतं. तरी डिस्प्लेवर आडव्या दिशेला १.२ अंश दिसतात. या मशीनची आडवी मर्यादाच १.५ अंश, लांबीच्या दिशेला ३. म्हणजे वर जाताना जरा हललं की संपलं.

ब्रॅकेटचे बोल्ट घट्ट आहेत, कनेक्टरच्या पिना साफ केल्यात, सेन्सरवरचा बाणही पुढच्या चाकांकडेच आहे. ब्रॅकेटखालचा एक रबर वॉशर दबलेला दिसतो, पण झिरो घेतल्यावर त्याने फरक पडायला नको ना? की कंट्रोलर जुनीच व्हॅल्यू धरून बसलाय, चावी बंद करण्याआधी वेगळं सेव्ह करावं लागतं?

शिवाय टिल्टचा झिरो बदलला तर लोड सेन्सिंगचं (प्लॅटफॉर्मवरचं वजन मोजणाऱ्या यंत्रणेचं) कॅलिब्रेशनही, रिकामं आणि पूर्ण भार ठेवून, पुन्हा करायचं का?

सेन्सर बायपास करा असं कृपया कोणी सुचवू नका, त्यावर माणसं चढणार आहेत.