‘पैशाकडे पैसा जातो’ हा सगळ्याच जाळ्यांचा नियम आहे का?

चिठ्ठीवाला मास्तर (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गावर एक तास मोकळा मिळाला. श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला आणि वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या. आधी दोन मुलांच्या नावांची एकेक चिठ्ठी टाकली. ही दोघं एकमेकांना ओळखतात असं धरायचं. मग एकेक नवं नाव. नव्यानं डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, जे नाव येईल त्याच्याशी ओळख जोडायची, चिठ्ठी परत टाकायची. शिवाय दोन नव्या टाकायच्या, एक स्वतःच्या नावाची आणि एक त्या ओळखीच्या नावाची.

६० नावं झाली तेव्हा डब्यात ११८ चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या १४ एकाच मुलीच्या नावाच्या, आणि ३९ नावांची फक्त एकेक. ती मुलगी वर्गात तोंडही उघडत नाही. तिचं नाव डब्यात तिसरं पडलं, एवढंच तिचं कर्तृत्व!

एर्डोश आणि रेनी या हंगेरियन गणितज्ञांनी १९५९-६० मध्ये जाळ्यांचा अभ्यास केला तेव्हा बिंदू ठरावीक होते आणि कोण कुणाला जोडायचा ते जणू नाणं उडवून ठरत होतं. अशा जाळ्यात बहुतेक सगळे सरासरीच्या आसपास राहतात. मग १९९९ मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातल्या बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी खरी जाळी पाहिली. त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची ३,२५,७२९ पानं तपासली तर भाराभर पानांकडे एकदोनच दुवे, आणि मोजक्या पानांकडे ढीगभर. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं होतं: वाढ आणि पक्षपात. जाळं वाढत असतं, आणि नवा येणारा आधीच गर्दी असलेल्याकडे जातो. यातून पॉवर लॉ, म्हणजे घातनियम (दुवे वाढत जातात तशी तितके दुवे असलेल्यांची संख्या हळूहळूच घटते, म्हणून मोजके फार मोठेही उरतात), आपोआप निघतो. माझ्या डब्यात ‘गर्दीकडे जा’ असं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त, तो जास्त वेळा हाताला लागतो.

माझं मत असं: पेशीपासून आगगाडीपर्यंत जिथे जाळं वाढतं तिथे हाच नियम, बाकी सगळा तपशील. असहमत असाल तर या मैदानात.

भुसावळकर

मास्तर, डबा झकास. पण आगगाडीला त्यात कोंबू नका. ३१ वर्षं रेल्वेत काढली म्हणून बोलतो.

कल्याण जंक्शन का झालं? कुणी चिठ्ठी काढली नाही. समोर सह्याद्री उभा, आणि जीआयपीला (तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) वर चढायला दोन घाट सापडले, थळ आणि बोर. दोन्हीकडे जायचं तर लाइन अलीकडे फुटणार, ती कल्याणला फुटली. आमचं भुसावळ तसंच. एक लाइन नागपूरला न्यायची, दुसरी खंडव्यावरून जबलपूरकडे. फाटा कुठेतरी फुटणारच होता. बोर घाट १८६३ मध्ये सुरू झाला, तो किती माणसं मारून झाला ते जुन्या लोकांना विचारा. तुमच्या वेबपानावर दुवा टाकायला काय लागतं? एक बोट.

रुळांचा नकाशा समोर ठेवा. बहुतेक स्टेशनांना शेजारी किती? दोन. एक अलीकडचं, एक पलीकडचं. मोठ्या जंक्शनला चार-पाच. यात चौदा चिठ्ठ्यांची मुलगी कुठून येणार?

लॉगनॉर्मल

भुसावळकर काकांना +१, आणि त्यांच्या बाजूनं आकडेही आहेत. कोलकात्याच्या संशोधकांनी २००३ मध्ये भारतीय रेल्वेचं जाळं तपासलं होतं: ५८७ स्टेशनं, ५७९ गाड्या. त्यांनी रूळ मोजले नाहीत. एकच गाडी ज्या दोन स्टेशनांवर थांबते त्यांच्यात दुवा धरला. म्हणजे शेजारी दोनच असण्याची अडचण गेली. तरीही स्टेशनांच्या दुव्यांची वाटणी घातनियमाची निघाली नाही, ती घातांकी पद्धतीनं झपाट्यानं उतरते. जाळं लहान मात्र आहे, थोड्याच गाड्या बदलून कुठूनही कुठेही जाता येतं. ‘जग लहान असणं’ आणि ‘हब असणं’ (हब म्हणजे ढीगभर दुव्यांचे मोजके बिंदू) या वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची खिचडी करतात.

आता मूळ दाव्याकडे. ब्रोइडो आणि क्लॉसेट यांनी सामाजिक, जैविक, तांत्रिक अशी हजाराच्या आसपास जाळी एकाच चाळणीतून काढली, २०१९ मध्ये निबंध छापून आला. घातनियमाचा भक्कम पुरावा फक्त ४ टक्के जाळ्यांत मिळाला. बहुतेक ठिकाणी लॉग-नॉर्मल वाटणी, म्हणजे आकड्यांचे लॉग घेतले की घंटेच्या आकाराची होते ती, तितकीच किंवा जास्त चांगली बसते (माझं इथलं नाव तिथूनच). दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन ठिपके टाकले की काहीही सरळ रेघेसारखं दिसतं. मी रोज हेच काम करते. साहेबांना सरळ रेघ आवडते, तुम्हालाही आवडते.

चिठ्ठीवाला मास्तर

@भुसावळकर, रुळांचं मान्य. पण तुमच्याच गावाचं पुढे काय झालं ते का सांगत नाही? फाटा फुटला म्हणून लोको शेड आली. शेड आली म्हणून तिथे क्रू बदलायला लागला. क्रू बदलतो म्हणून गाडी थांबते. भुसावळला थांबा द्या म्हणून खासदाराला निवेदन द्यावं लागत नाही. शेजारच्या लहान गावांना विचारा, एका एक्स्प्रेसच्या थांब्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज चालतात. हा पक्षपात नाही तर काय? डोंगरानं पहिली चिठ्ठी दिली, बाकीच्या डब्यानं दिल्या.

@लॉगनॉर्मल, ४ टक्के हा आकडा चाळणीच्या भोकांवर अवलंबून आहे. प्रत्येक खरं जाळं मर्यादित असतं, त्याची शेपूट, म्हणजे आलेखातला फार मोठ्यांचा भाग, कुठेतरी कापली जाणारच. शुद्ध घातनियमच हवा असा हट्ट धरला तर काय उरणार? नदीकाठचे गोटे मोजून ‘यातला एकही गोल नाही’ म्हणण्यासारखं आहे ते. पाण्यानं घासून ते गोलसर झाले, हे खरंच ना?

भुसावळकर

निवेदनाचं बरोबर बोललात, हसलो. पण मास्तर, त्याला छत आहे. एका फलाटाला एका वेळी एकच गाडी लागते. होम सिग्नलबाहेर गाड्या तिष्ठत उभ्या राहायला लागल्या की नवी गाडी बायपासनं काढायचा विचार सुरू होतो. गर्दीच गर्दीला हाकलते. तुमच्या डब्यात चिठ्ठीला जागा लागत नाही, म्हणून त्या मुलीचं फावलं.

लॉगनॉर्मल

काकांनी एका ओळीत सांगितलं ते २००० मध्ये अमरल आणि सहकाऱ्यांनी निबंधात मांडलंय: दुव्याला किंमत असेल किंवा नोड (जाळ्यातला बिंदू) म्हातारा होऊन निवृत्त होत असेल, तर शेपूट कापली जाते. विमानतळ हे त्यांचं एक उदाहरण होतं.

गोट्यांचा दाखला आवडला, पण तो माझ्याच बाजूचा आहे. गोलसर गोटा दिसला की तो नदीनंच घासला असं कसं म्हणणार? पाटा-वरवंट्यातला वरवंटाही गोलसरच असतो, तो टाकीच्या घावांनी घडलेला.

इंटरनेटचंच बघा. ‘थोडे प्रचंड हब, ते पाडले की जाळं कोसळतं’ हे चित्र २००० पासून लोकप्रिय आहे. डॉयल आणि मंडळींनी २००५ मध्ये दाखवलं की दुव्यांची तीच वाटणी पाळून अगदी वेगवेगळी जाळी बांधता येतात. खऱ्या राउटरची (माहिती पुढे पाठवणाऱ्या यंत्राची) क्षमता ठरलेली असते: थोड्या पण वेगवान जोडण्या, नाहीतर पुष्कळ पण संथ. त्यामुळे पुष्कळ जोडण्यांचे राउटर कडेला असतात, जिथे शेकडो घरं येऊन मिळतात. मधला कणा थोड्या जाड तारांचा. कडेचा हब पाडला तर एका भागातली घरं अंधारात जातील, बाकीचं जाळं चालू. आलेख तोच, पण आतली बांधणी उलटी.

नवखी

मी जीवशास्त्राची, वाचनमात्र असते. दोन गोष्टी, एक मास्तरांच्या बाजूची, एक विरुद्ध.

पेशीतल्या प्रथिनांचं जाळं वाढतं तेव्हा कुणी लोकप्रियता बघत नाही. जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार होते. प्रतीचं प्रथिन मूळ प्रथिनाच्याच जोडीदारांना चिकटतं, पुढे त्यातले काही दुवे तुटतात. आता ज्याचे जोडीदार जास्त, त्याच्या जोडीदारांपैकी कुणाची तरी प्रत निघण्याची शक्यता जास्त. म्हणजे कुणीही न ठरवता श्रीमंत आणखी श्रीमंत. हा डबाच झाला.

विरुद्ध गोष्ट अशी की, पी-५३ सारख्या प्रथिनाचे इतके दुवे का सापडले? त्याचा कर्करोगाशी संबंध, म्हणून त्यावर निधी आणि माणसं जास्त. शोधाल तिथे सापडतं. मग आपल्याला दिसतोय तो पेशीतला पक्षपात की प्रयोगशाळांमधला?

चिठ्ठीवाला मास्तर

नवखीताई, वाचनमात्र राहू नका, हे फर्मास होतं. आणि प्रयोगशाळांचा पक्षपात हाही पक्षपातच! डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६५ मध्येच शोधनिबंधांच्या संदर्भांचं जाळं मोजलं होतं, आणि १९७६ मध्ये गणित मांडलं: ज्या निबंधाला संदर्भ जास्त, त्याला नवे संदर्भ जास्त. बाराबाशींच्या कितीतरी आधी. (बाराबाशींचं नाव मोठं झालं आणि प्राइस मागे राहिले, यावरही कुणीतरी डबा लावा.)

लॉगनॉर्मल

प्राइस काढलेत ते बरं केलंत. त्यांना एक अडचण आली होती: नव्या निबंधाला शून्य संदर्भ, आणि शून्याच्या प्रमाणात मिळणार शून्यच. खातं उघडणारच नाही. म्हणून त्यांनी प्रत्येकाला सुरुवातीला एक फुकट दिला. तुमच्या डब्यात नव्या मुलानं स्वतःच्या नावाची चिठ्ठी टाकली, तो हाच फुकटचा एक. हा कोण देतो ते विचारा, नियमाची निम्मी गोष्ट तिथे आहे.

आणि आता खरी मेख. क्रापिव्स्की, रेडनर आणि लेव्राझ यांनी २००० मध्ये दाखवलं की पक्षपात अगदी प्रमाणात असेल तरच घातनियम निघतो, म्हणजे दुप्पट दुवे तर दुप्पट ओढ. ओढ त्याहून थोडी कमी झाली की शेपूट आखडते. थोडी जास्त झाली की एकटाच सगळं गिळतो. सुरीच्या धारेवर उभं राहण्यासारखं आहे हे. २००३ मध्ये बाराबाशींच्याच गटानं ही ओढ थेट मोजली. संदर्भांच्या जाळ्यात आणि इंटरनेटमध्ये ती प्रमाणात निघाली, पण एकत्र निबंध लिहिणाऱ्यांच्या आणि नटांच्या जाळ्यात प्रमाणापेक्षा कमी. माणसाला सहकारी किती झेपणार? पुन्हा काकांचा फलाट. मग ‘पेशीपासून आगगाडीपर्यंत’ हे वाक्य मागे घेणार का?

चिठ्ठीवाला मास्तर

आगगाडी मागे घेतो. पेशी नाही.

सुरीच्या धारेचं उत्तर नवखीताईंनीच दिलंय. प्रत काढणं! मी वेबपान लिहितो तेव्हा सगळं जग मोजून बघत नाही. कुणाचं तरी पान उघडतो, त्यातला एक दुवा उचलतो. कुणीही एक माणूस धरा आणि त्याच्या ओळखीतल्या कुणाला तरी गाठा, तर ज्याच्या ओळखी दुप्पट त्याच्यापर्यंत तुम्ही साधारण दुप्पट वेळा पोचता. धारेवर तोल सांभाळावा लागत नाही, पायाखालची वाटच तशी आहे.

लॉगनॉर्मल

हे पटतंय. पण मग तुमचा नियम ‘श्रीमंताकडे जा’ असा राहिला नाही, ‘शेजाऱ्याची वही उतरवा’ असा झाला. जिथे वही उतरवता येते तिथे तो चालेल. रुळांची वही उतरवता येत नाही.

एक करा, मास्तर. तोच खेळ डब्याऐवजी हजेरीपटावर खेळा. प्रत्येक नाव एकदाच, जुनं नवं सारखं. वाढ राहील, पक्षपात जाईल. बाराबाशींनीही ही उलटतपासणी केली होती आणि तिथे घातांकी वाटणी निघाली. तुमच्या वर्गात फरक दिसतो का बघू.

चिठ्ठीवाला मास्तर

काल केला. ६० नावं, हजेरीपट, डोळे मिटून पेन्सिलीचं टोक. सगळ्यात जास्त ओळखी ७, एकच ओळख असलेली नावं ३१. डब्यात १४ आणि ३९ होती, फरक आहे म्हणून मी खुशीत. मग दोन्ही खेळांचे ठिपके दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन वेगवेगळ्या कागदांवर काढले, वर काही न लिहिता फळ्याला चिकटवले. पुढच्या तासाला गणिताच्या बाई आल्या. त्यांनी फूटपट्टी घेतली आणि दोन्हींतून सरळ रेघ मारून दाखवली.

भुसावळकर

😄 बाईंना आमच्या गाडीचाही आलेख दाखवा एकदा.