गुळाचे हात आणि ‘जतन करा’चं बटण

यार्डातला_पोरगा
मार्केट यार्डात बाबांचा गूळ-भुसारचा गाळा आहे. आवक आणि वजन नोंदवायला त्यांच्यासाठी ॲप लिहिलंय. बाणेरला ऑफिसात माझ्या फोनवर मस्त चालतं. शनिवारी गाळ्यावर जाऊन बसलो आणि पोटात खड्डाच पडला. बाबांच्या एका हातात नमुन्याचा गूळ, दुसऱ्यात फोन. ‘जतन करा’ वर उजव्या कोपऱ्यात, तिथवर अंगठा ताणला की शेजारचं ‘रद्द’ लागतं. तीनदा नोंद उडाली. चौथ्यांदा त्यांनी फोन ठेवला, धोतराला बोटं पुसली आणि वही ओढली. वर म्हणाले, “आपल्यालाच जमत नाही रे.” हे फार लागलं. सुरुवात कुठून करू?

भोसरीकर
आधी बाबांना सांगा, चूक त्यांची नाही. हा टचस्क्रीन दाब मोजत नाही, बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल टिपतो. काचेवर ओला चिकट थर असला की स्पर्शाची जागा चुकते, आणि घट्टे पडलेलं कोरडं बोट त्याला नीट कळत नाही. बटण खाली घ्या, अंगठ्याच्या टप्प्यात. बटणाच्या आकारासाठी अँड्रॉइडची शिफारस किमान ४८ डीपीची (डीपी म्हणजे स्क्रीनवरच्या आकाराचं माप) आहे, गाळ्यावर मी त्याच्या दीडपट तरी ठेवीन. नाहीतर सरळ व्हॉल्यूमच्या बटणावर ‘जतन’ द्या. ते खरंखुरं बटण आहे, गुळाने अडत नाही.

कमी_दिसतं_पण_वाचते
व्हॉल्यूमचं सगळ्यांवर लादू नका, सेटिंगमध्ये पर्याय द्या. टॉकबॅकचा, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीचा, आवाज आम्ही त्याच बटणांनी कमी-जास्त करतो. अक्षरं फिकट राखाडी असतील तर उन्हात संपलंच. डब्ल्यूसीएजी (अपंगांनाही वापरता यावं म्हणून केलेली वेबची मार्गदर्शक तत्त्वं) साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं प्रमाण, मागतं, तुम्ही काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं करा. आणि फोनचा फाँट सर्वात मोठा करून बघा. ओळीची उंची ठरावीक ठेवली असेल तर मात्रा-वेलांट्या वरून छाटल्या जातात, ‘पोती’चं ‘पाता’ होतं. हा प्रकार मी रोज बघते.

यार्डातला_पोरगा
ताई, अगदी ‘पाता’च झालं होतं! ओळीची उंची मोकळी सोडली. ‘जतन करा’ खाली, पूर्ण रुंदीचं. ‘रद्द’ काढूनच टाकलं, त्याऐवजी जतन झाल्यावर ‘मागे घ्या’ दिसतं. व्हॉल्यूमचा पर्याय बाबांच्या फोनवरच चालू केला. आज दुपारपर्यंत एकवीस नोंदी झाल्या. वही शेजारी उघडीच आहे, ती राहू दे म्हणाले.