थिसिससाठी फुकटातलं सॉफ्टवेअर कोणतं? (एमएस्सी केमिस्ट्री, नागपूर)

सेमचार_नागपूर
नमस्कार. एमएस्सी ऑरगॅनिकचं शेवटचं सेमिस्टर सुरू आहे. विषय आहे चाल्कोन (दोन बेन्झिन वलयांना जोडणारी कीटोनची साखळी असलेले रेणू), सात-आठ डेरिव्हेटिव्ह केलेत. आता लिहायला बसलो तर स्ट्रक्चर कशात काढू, रेफरन्स कसे लावू, काहीच समजून नाही राहिलं. लॅबच्या पीसीवर स्ट्रक्चर काढायचं केमड्रॉ आहे, पण ते क्रॅक केलेलं, दर दोन दिवसांनी बंद पडते. विकत घ्यायची ऐपत नाही. सीनियर लोकांनी काय वापरलं?

बुटीबोरीकर
क्रॅकवालं पहिले काढून टाक भाऊ. त्यासोबत व्हायरस आला अन् थिसिसची फाईल गेली, तर गाईड मॅडमला काय सांगशील?

स्ट्रक्चरसाठी एसीडी लॅब्सचं केमस्केच घे, शिकणाऱ्यांना फुकट आहे. दिसायला जुनाट, पण काम चोख. फक्त सगळी चित्रं एकाच मापात काढ. एसीएसच्या (अमेरिकन केमिकल सोसायटी) जर्नलांचं माप बॉण्ड 14.4 पॉइंट, अक्षरं एरियल 10 पॉइंट असं आहे, तेच ठेव. वर्डमध्ये नेल्यावर कोपरा धरून चित्र ताणू नको. एका पानावर बेन्झिन वाटीएवढं, दुसऱ्यावर वाटाण्याएवढं, असे थिसिस मी पाहिलेत.

रेफरन्सला झोटेरो, अन् ते आजच टाक. डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) दिला की पेपरची सगळी माहिती आपोआप येते. शीर्षकातल्या फॉर्म्युल्याचा 2 (जसा CO2 मधला) खाली उतरलेला नसेल तर सब टॅग (<sub>2</sub>) हाताने लाव, नाहीतर छापील यादीत सगळे फॉर्म्युले सपाट दिसतात. एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवते. फुकटातली ऑनलाइन जागा 300 एमबी आहे, म्हणून पीडीएफ आपल्याच लॅपटॉपवर ठेव.

आता मुद्द्याचं. पबकेममधून (रसायनांच्या माहितीचा फुकट डेटाबेस) रेणुभार उचलून मास स्पेक्ट्रमच्या तक्त्यात चिकटवू नको. तुझ्यात ब्रोमोवालं असेलच. 4-ब्रोमोचाल्कोन, C15H11BrO. त्याचा सरासरी रेणुभार सुमारे 287.16. स्पेक्ट्रममध्ये प्रोटॉन चिकटलेला आयन दिसतो 287.007 ला. दोन्हीकडे 287 पाहून पोरं खूश होतात, पण हे दोन आकडे वेगळे आहेत बाप्पा! सरासरीत ब्रोमिनचे दोन्ही आयसोटोप मिसळलेले असतात. मासमध्ये ते वेगवेगळे दिसतात, म्हणून 289.005 ला जवळपास तेवढ्याच उंचीचा दुसरा पीक पाहिजे. पबकेमच्या पानावर मोनोआयसोटोपिक मास, म्हणजे एकेकच आयसोटोप धरून काढलेलं, वेगळं दिलेलं असतं (285.9993), त्यात प्रोटॉनचे 1.0073 मिळव. व्हायवात बाहेरचे सर हेच विचारतात.

वितळणबिंदूचंही तसंच. पबकेम हा आकडा दुसरीकडून आणून ठेवते, अन् कुठून आणला ते खाली लिहिलेलं असते. त्या मूळ पेपरपर्यंत जा अन् रेफरन्स त्याचा दे.

ग्रंथालयातली_ताई
बुटीबोरीकरांशी सहमत. माझ्याकडून थोडी भर.

स्टार्टिंग मटेरियलचे स्पेक्ट्रा ताडून पाहायला जपानच्या एआयएसटी या संशोधन संस्थेचा एसडीबीएस हा स्पेक्ट्राचा डेटाबेस वापरा. आयआर, एनएमआर, मास सगळं आहे, पैसे लागत नाहीत. एका दिवसात 50 पेक्षा जास्त उतरवू नका, त्यांची तशी अट आहे.

पेपर उघडत नसेल तर लगेच टेलिग्रामच्या ग्रुपवर मागत बसू नका. 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी योजना सुरू झालीय. 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार जर्नल्स त्यात आहेत, पण ती केंद्र आणि राज्य शासनाच्या संस्थांसाठी. तुमचं कॉलेज त्यात बसतं का, ते तुमच्या ग्रंथपालांना विचारा. आमच्याकडे मुलं सबमिशनच्या आठवड्यातच उगवतात, त्याआधी काउंटरवर चिटपाखरू नसतं.

शोधगंगेवर (भारतातल्या थिसिसचं ऑनलाइन भांडार) चाल्कोनचे पीएचडी थिसिस भरपूर सापडतील. मांडणी बघा, परिच्छेद उचलू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाई.

सेमचार_नागपूर
ताई, सर, दोघांचेही आभार. झोटेरो टाकलं. अजून एक अडचण आहे. एनएमआर बाहेरून करून आणला, हाती नुसती पीडीएफ आली. 7.2 ते 8.1 मधले पीक इतके गच्च आहेत की जे-व्हॅल्यू (फुटलेल्या पीकच्या फाटींमधलं हर्ट्झमधलं अंतर) मोजताच येत नाही.

बुटीबोरीकर
पीडीएफवर स्केल ठेवून मोजत बसू नको. ज्यांनी रन केला त्यांना मेल टाकून कच्चा डेटा माग, एफआयडीचं (मशीनने नोंदवलेला मूळ सिग्नल) अख्खं फोल्डर. मग एनएमआरियम उघड. ब्राउझरमध्येच चालते, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फोल्डर झिप करून त्यात ओढून टाक. सीडीसीएल3 मध्ये केला असेल तर उरलेल्या क्लोरोफॉर्मचा पीक 7.26 ला बसव, मग झूम कर. दुहेरी बंधावरच्या दोन प्रोटॉनच्या डब्लेटमध्ये (दोन फाटींचा पीक) 15-16 हर्ट्झचा जे सापडला की बंध ट्रान्स आहे हे पक्कं. एक डब्लेट ॲरोमॅटिकखाली दबलेला असू शकतो, तेव्हा मोकळ्या दिसणाऱ्या डब्लेटवरून मोज.

मेल आजच टाक. जुना डेटा लोक उडवून टाकतात.