मदत हवी आहे: एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप स्मिअर नॉर्मल, ताईची समजूत कशी घालावी?

नमस्कार.

माझ्या मोठ्या बहिणीचा (वय ४२) तपासणी अहवाल गेल्या आठवड्यात आला. वरच्या ओळीत ‘हाय रिस्क एचपीव्ही: डिटेक्टेड’ आणि त्याखाली पॅप स्मिअरपुढे ‘निगेटिव्ह’ असे छापलेले आहे. (एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हा विषाणू आणि पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी.) विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार आढळलेले नाहीत. डॉक्टरांनी वर्षभराने पुन्हा चाचणी करायला सांगितले आहे. ताईने मात्र वरची ओळ तेवढी वाचली, कागदाची घडी घालून तो कपाटात कपड्यांखाली सारला आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

डॉक्टरांशी बोलून मला कळले ते असे: हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेकींच्या शरीरातून दोनएक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. त्याच्या २०० हून अधिक प्रकारांपैकी डझनभरच कर्करोगाशी जोडलेले आहेत आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या १६ व १८ मुळे होतात. संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला, तरच विषाणूची प्रथिने पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात. प्रतिकारशक्ती चांगली असेल, तर तिथून कर्करोगापर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षे जातात आणि मधल्या काळातील बदल तपासणीत सापडले की त्यांवर उपचार करता येतात. म्हणून वर्षभर थांबणे म्हणजे हयगय नव्हे, हे मला पटले आहे.

ताईला खरा सल वेगळाच आहे. “हा आला कुठून?” एवढेच ती विचारते. लग्नाला १९ वर्षे झाली आहेत. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू अनेक वर्षे चाचणीत न दिसता राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कोणाकडून आला हे सांगता येत नाही आणि त्यावरून कोणावरही संशय घेणे अन्यायाचे ठरेल, हे मी तिला दोनदा सांगितले. तरी भावोजींपाशी तिने अजून हा विषय काढलेला नाही.

असे वर्ष ज्यांनी काढले आहे, त्यांनी घरात हे कोणत्या शब्दांत सांगितले? लसीने आधीचा संसर्ग जात नाही हे ठाऊक आहे. तरीही या वयात इतर प्रकारांपासून संरक्षण म्हणून ती घ्यावी, असे कोणाला डॉक्टरांनी सुचवले का? काढे आणि घरगुती उपाय कृपया नकोत.

आलेली उत्तरे मी ताईला वाचायला देणार आहे. आपला दुसरा अहवाल कसा आला, तेही जमल्यास लिहावे.