मॅक एसीएल लावली, तरी पिंग चालूच!

वायरवाला: सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० स्विचवर मॅक एसीएल (मॅक पत्त्यावरून ट्रॅफिक गाळणारी यादी) केली. एका लॅपटॉपचा मॅक (नेटवर्क कार्डचा पत्ता) डिनाय केला, खाली परमिट एनी एनी (बाकी सगळ्यांना परवानगी), पोर्टवर इनबाउंड (आत येणाऱ्या ट्रॅफिकला) लावलं. पठ्ठ्या तरी आरामात नेटवर! काय राहिलं?

जुनीखोड: काही राहिलं नाही. या स्विचच्या पोर्टवर मॅक एसीएल फक्त नॉन-आयपी ट्रॅफिक तपासते. पिंग (जोडणी तपासणारा संदेश) म्हणजे आयपी, त्याला ती हातही लावत नाही. पोर्ट सिक्युरिटी (पोर्टवर ठरलेलेच मॅक चालू देणारी सोय) वापर: मॅक्सिमम १ (एकच मॅक), स्टिकी (दिसलेला मॅक स्विच लक्षात ठेवतो), व्हायोलेशन रिस्ट्रिक्ट (दुसरा मॅक आला तर फक्त त्याची पॅकेट टाकून देतो). डीफॉल्टला शटडाउन असतं, ते ठेवलंस तर पोर्ट एरर-डिसेबल (पूर्ण बंद) होणार आणि रात्री फोन तुलाच. आधी पोर्ट ॲक्सेस मोडमध्ये (एकाच व्हीलॅनचा साधा पोर्ट) टाक. डायनॅमिक (मोड आपोआप ठरवणाऱ्या) पोर्टवर कमांड नाकारली जाते.

वायरवाला: पण दादा, मला हा एकच अडवायचाय. बाकी कुणीही चालेल.

जुनीखोड: मग मॅक ॲड्रेस-टेबलमध्ये त्याची स्टॅटिक एंट्री कर, व्हीलॅन (स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) नंबर दे आणि शेवटी ड्रॉप. सोर्स असो वा डेस्टिनेशन, त्या व्हीलॅनमध्ये त्याचं पॅकेट गळतं.

शंकासुर: आणि त्याने मॅकच बदलला तर? मॅक पत्त्यातला दुसरा हेक्स अंक (०-९, ए-एफ) २, ६, ए किंवा ई दिसला की समजा, तो पत्ता कार्ड बनवणाऱ्या कंपनीने दिलेला नाही. मुद्दाम घुसणाऱ्याला अडवायचं तर ८०२.१एक्सच (पोर्टवर आधी ओळख पटवायला लावणारी पद्धत) लावा.